लाल रेघ, निळी रेघ

रिपोर्ट आला त्या दुपारी ताईने वरणाचा कुकर लावला होता आणि शिट्ट्या मोजायचं भान दोघींनाही राहिलं नाही. भाऊजींनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली होती. चार माणसांची चार पानं. ताई, भाऊजी, थोरली आणि धाकटा. प्रत्येक पानावर तक्ता, तक्त्यात ए, बी, सी, डीआरबी-वन, डीक्यूबी-वन अशी नावं, त्यांच्यापुढे चांदणीची खूण, मग दोन आकडे, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुन्हा आकडे.

मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांचे चौकोन फळ्यावर किती वेळा काढले असतील याची गणती नाही. पण आपल्याच माणसांचा चौकोन मांडायची वेळ येते तेव्हा हात वेगळाच चालतो. धाकट्याच्या दप्तरातून रंगपेन्सिलींचा डबा काढला आणि पानांवर रेघा ओढायला बसले. हे सगळे आकडे म्हणजे एचएलए नावाच्या जनुकांची नावं. सहाव्या गुणसूत्रावर ही जनुकं एकमेकांना खेटून बसलेली असतात, म्हणून आईकडून किंवा वडिलांकडून येताना बहुधा अख्खा गठ्ठाच येतो. आईजवळ असे दोन गठ्ठे, वडिलांजवळ दोन. मुलाला दोघांकडून एकेक मिळतो. ताईचे दोन गठ्ठे मी लाल आणि नारिंगी केले, भाऊजींचे निळा आणि हिरवा. मग थोरलीचं पान घेतलं. लाल, निळा. धाकट्याचं घेतलं.

लाल, निळा.

चारात एक अशी शक्यता असते. सख्ख्या भावंडांत दोन्ही गठ्ठे तंतोतंत जुळायची शक्यता पंचवीस टक्के, हे मी वर्गात सहज सांगत आले आहे. त्या दुपारी ते पंचवीस टक्के आमच्या ओट्याशेजारच्या टेबलावर उतरले होते. पाच जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, दहापैकी दहा. थोरली आपल्या भावाला मॅरो, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मगज, देऊ शकणार होती.

भाऊजी उठून बाल्कनीत गेले. ताई मात्र बसूनच राहिली. तिने धाकट्याच्या पानावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. म्हणाली, "हा माझा ना?"

"हो, तुझा."

"मग आजारही यातूनच गेला असेल."

हा प्रश्न त्या दिवसाचा नव्हता. साडेतीन वर्षं तो तिच्याबरोबर राहत होता. धाकटा चार वर्षांचा असताना महिनाभर ताप येत-जात राहिला, पाय दुखतात म्हणून रडायचा, पोटऱ्यांवर निळे डाग दिसायला लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या आणि प्लेटलेट्स तळाला. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. ज्या डॉक्टरांनी आधी पाहिलं, त्यांनी मुंबई गाठायला सांगितलं ते योग्यच केलं, पण ताईने "हे कशामुळे झालं?" असं विचारल्यावर "अशा गोष्टी जेनेटिक असतात" एवढं बोलून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो एक शब्द घरात आला आणि घरचाच होऊन बसला. सासरच्या एका बाईंनी तेराव्याच्या जेवणात बोलावं तसं हळू आवाजात सांगितलं, "आमच्या घराण्यात तर असलं कधी नव्हतं." त्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये, सांगली मागे पडल्यावर, धाकटा तिच्या मांडीवर झोपला असताना ताईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आजोबांचा घशाचा कॅन्सर. मोठ्या आत्याचा स्तनाचा. कोकणातल्या चुलत काकांना काय झालं होतं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. दादर येईपर्यंत तिने स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं.

एखाद्या आईने आपल्याच रक्ताची अशी उलटतपासणी घ्यावी याचा मला तेव्हाही संताप आला होता, आजही येतो. राग त्या बाईंचा नाही. राग याचा की "जेनेटिक" हा शब्द आपण इतका ढिला वापरतो. मराठीत तर घोळ आणखी वाढतो, कारण जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच खुंटीला अडकवतो. ते वेगळे आहेत. रक्ताच्या कॅन्सरच्या बाबतीत तर त्यांच्यातला फरक हीच सगळी गोष्ट आहे.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधले मेल ग्रीव्ह्ज यांनी या आजारावर आयुष्य घातलं. ब्रिटनमध्ये बाळ जन्मलं की काही दिवसांत त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब एका कागदावर घेतात आणि ते कागद जपून ठेवतात. पुढे ज्या मुलांना ल्युकेमिया झाला, त्यांचे हे जुने कागद १९९७ पासून ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढून तपासले. वाळलेल्या त्या थेंबांत, आजाराच्या कितीतरी वर्षं आधी, ल्युकेमियाच्या पेशींची खूण सापडली. दोन जनुकं तुटून भलत्याच जागी जोडली गेली होती. म्हणजे सुरुवात पोटातच झाली होती. एकसारख्या जुळ्या मुलांत दोघांनाही ल्युकेमिया झाला तर दोघांच्या पेशींत तुटलेली जागा तीच निघते. ऐकताना वाटतं, घ्या, आईबापांकडून आलं याचा याहून मोठा पुरावा कोणता! पण तसं नाही. बिघाड एका भावाच्या एका पेशीत झाला, आणि वार सामाईक असल्यामुळे त्या बिघडलेल्या पेशीपासून झालेल्या पेशी वारेतल्या रक्तवाहिन्यांतून दुसऱ्या भावाकडे गेल्या. आईच्या पेशींत तो बिघाड नसतो, वडिलांच्याही नसतो. जन्माच्या आधीचा, तरी वारशातला नव्हे.

याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. असा तुटून-जोडलेला जनुक घेऊन जन्मणारी बाळं शंभरात निदान एक तरी असतात, असं नाळेतल्या रक्ताच्या तपासण्यांतून दिसलं. आणि लहानपणी हा आजार होतो साधारण २,००० मुलांत एकाला. म्हणजे ठिणगी पडलेल्या बहुतेक मुलांच्या आयुष्यात ती आपोआप विझते. काहींच्या बाबतीत दुसरा धक्का बसतो आणि मग वणवा पेटतो.

तो दुसरा धक्का कुठून येतो हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या मॅरोमध्ये बी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात तेव्हा त्या स्वतःची काही जनुकं कात्रीने कापून नव्याने जोडतात. जगात कुठलाही जंतू येवो, त्याला ओळखणारी एखादी तरी पेशी असावी म्हणून हा खटाटोप. या कात्रीची जनुकं, रॅग-वन आणि रॅग-टू, १९८९-९० मध्ये सापडली. शरीरातली ही सगळ्यात धाडसी शिवणकला म्हणायची: स्वतःचंच कापड फाडून त्यातून कोट्यवधी नमुने शिवणं. आणि २०१४ साली मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशींमधला दुसरा बिघाड अक्षर-अक्षर वाचला, तेव्हा त्या जागोजागी याच कात्रीच्या कापल्याच्या खुणा निघाल्या. जी कात्री संरक्षण शिवते, तिनेच चुकून नको तिथे कापलं होतं.

ग्रीव्ह्ज यांनी १९८८ पासून मांडलेला विचार असा, की पहिल्या वर्षात ज्या बाळांच्या प्रतिकारशक्तीला साध्यासुध्या जंतूंची ओळख होत नाही, त्यांच्यात पुढे एखादा साधा संसर्गही नको इतका गोंधळ उडवतो आणि ती कात्री बेफाम चालते. पहिल्या वर्षात पाळणाघरात गेलेल्या मुलांत हा आजार किंचित कमी आढळतो. हे मी ताईला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा व्हायचं तेच झालं. "मी त्याला पहिलं वर्षभर कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही गं. उकळलेल्या पाण्याने खेळणी धुवायचे." मी तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, ताई, हा हजारो मुलांच्या सरासरीतला बारीकसा फरक आहे. सरासरी एका पोरावर उतरवता येत नाही. तुझ्यासारख्या खेळणी धुणाऱ्या लाखो आयांची पोरं आज शाळेत धडपडताहेत. तिने ऐकलं. किती पटलं ते माहीत नाही.

मग वारशाने काहीच येत नाही का? येतं. आणि ते तिच्यापासून लपवणं मला कधीच पटलं नसतं, कारण आईला खोटा दिलासा दिला की तो पहिल्या रात्रीच गळून पडतो.

२००९ साली एक गट ब्रिटनमधला आणि एक अमेरिकेतला, असे दोन गट वेगवेगळे काम करत होते. ल्युकेमिया झालेली मुलं आणि निरोगी माणसं यांची जनुकं त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पडताळली. दोघांचंही बोट ज्या मोजक्या जागांवर गेलं त्यांत एक होतं आयकेझेडएफ-वन आणि दुसरं एआरआयडी-फाइव्ह-बी. पहिल्यापासून इकारोस नावाचं प्रथिन बनतं. रक्ताच्या कोवळ्या पेशीने लिम्फोसाइट (बी आणि टी-पेशींच्या कुळातली पांढरी पेशी) व्हायचं की नाही, आणि व्हायचं तर कधी थांबायचं, यावर त्याचा अंमल चालतो. या जनुकांची रूपं माणसागणिक जराशी वेगळी असतात. एखाद्या अक्षराचा फरक. ज्यांच्याकडे विशिष्ट रूपाची एक प्रत आहे त्यांचा धोका दीडपटीच्या थोडा वर जातो. दीडपट म्हटलं की छातीत धस्स होतं. म्हणून हा हिशेब मी ताईसमोर वरणाच्या डागांनी भरलेल्या त्याच टेबलावर मांडला. २,००० त एक याचं दीडपट-पावणेदोनपट केलं तर होतं १,२०० त एक वगैरे. म्हणजे ते रूप घेऊन जन्मलेल्या १,२०० मुलांपैकी १,१९९ मुलांना काहीही होत नाही. आणि ही रूपं विरळाही नाहीत; असंख्य निरोगी माणसं ती अंगात वागवत म्हातारी होतात.

वारसा असा येतो. कल म्हणून येतो. उताराची जमीन मिळाली म्हणून प्रत्येक पावसात घर वाहून जात नाही.

एचएलएचं प्रकरण मात्र मला याहून जवळचं वाटतं, कारण ते टेबलावर रंगवून ठेवलेलं होतं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आत जी प्रथिनं असतात त्यांचे बारीक तुकडे एचएलएचे रेणू पकडून पेशीच्या दारात आणून धरतात. बाहेर गस्त घालणाऱ्या टी-पेशी ते पाहतात. घरातलाच तुकडा असेल तर पुढे जातात. विषाणूचा किंवा बिघडलेल्या जनुकाचा असेल तर त्या पेशीला संपवतात. आता स्वयंपाकघरातली सांडशी आठवा. प्रत्येक सांडशी प्रत्येक पातेल्याला बसत नाही. एखादी जाड काठ घट्ट धरते आणि पातळ काठावरून सटकते. एचएलएचं तसंच. या रेणूंची ४०,००० हून जास्त रूपं आजवर नोंदली गेली आहेत, आणि प्रत्येकाची पकड निराळी. एका माणसाची सांडशी एखाद्या विषाणूचा तुकडा असा धरते की पहारेकऱ्याला लांबूनच दिसावा. दुसऱ्याच्या हातून तोच तुकडा निसटतो.

रक्ताच्या कॅन्सरचं आणि या जनुकांचं नातं आधी उंदरांत सापडलं. १९६४ साली फ्रँक लिली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विषाणूमुळे ल्युकेमिया कोणत्या उंदराला होणार हे बऱ्याच अंशी त्याच्या एच-टू या जनुकगटावर ठरतं. एच-टू म्हणजे उंदरांचं एचएलए. तीनच वर्षांनी फ्रान्समध्ये आमिएल यांनी हॉजकिन लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांत माणसाच्या एचएलएशी दुवा दाखवला. कुठल्याही मानवी आजाराशी एचएलएचं नातं असल्याचं हे पहिलं निरीक्षण, आणि ते रक्ताच्या कॅन्सरचं होतं. पुढे नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या अभ्यासात ते अधिक स्पष्ट झालं: ज्या हॉजकिनमध्ये एपस्टाइन-बार विषाणूचा हात असतो, तो एचएलए-ए-०२ असलेल्यांत कमी दिसतो आणि ए-०१ असलेल्यांत जास्त. हा विषाणू तर जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात मुक्कामाला असतो. मग एखाद्यालाच तो का नडतो? उत्तराचा एक भाग सांडशीच्या पकडीत आहे. फॉलिक्युलर लिम्फोमामध्येही धोक्याची सगळ्यात ठळक खूण याच सहाव्या गुणसूत्राच्या पट्ट्यात निघाली.

आणि तरी "वाईट एचएलए" असं काही नसतं. हे मी ठासून सांगते. एका विषाणूला सोडणारी सांडशी दुसऱ्याला करकचून धरते. म्हणून तर निसर्गाने एवढी हजारो रूपं टिकवली; सगळ्यांकडे एकच असती तर एकाच साथीत गाव उठलं असतं. ताईची लाल रेघ तिच्याकडे तिच्या आईबापांकडून आली, त्यांच्याकडे त्यांच्या. प्लेग, देवी, पटकी, मलेरिया या सगळ्यांतून ती वाचत आली आहे. तिच्यावर बोट ठेवून आरोप करण्याआधी एवढं तरी आठवायला हवं.

काही घरांत वारसा खरोखरच जड असतो, हेही बोललं पाहिजे. १९७५ साली डेव्हिड पर्टिलो यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या घरातल्या मुलग्यांच्या शरीराला एपस्टाइन-बार विषाणू आवरताच येत नव्हता. कुणी त्या संसर्गानेच गेलं, कुणाला लिम्फोमा झाला. आया मात्र निरोगी. दोष एक्स गुणसूत्रावर होता, आणि ते जनुक १९९८ मध्ये सापडलं. गाटा-टू नावाच्या जनुकात दोष असलेल्या माणसांत वर्षानुवर्षं चामखिळी, पुन्हा पुन्हा छातीचे संसर्ग, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य, आणि पुढे मायलॉइड ल्युकेमिया असा क्रम दिसतो. विस्कॉट-ऑल्ड्रिच, अॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया अशी अशाच आनुवंशिक आजारांची आणखीही नावं आहेत. ही घरं थोडी असतात. पण तिथे एका जनुकाचा घाव इतका खोल असतो, की प्रतिकारशक्ती आणि रक्ताचा कॅन्सर या दोन गोष्टी मुळात एकाच मुळीच्या फांद्या आहेत हे ढळढळीत दिसतं.

म्हणून ज्या घरात जवळच्या दोघांना रक्ताचा कॅन्सर झाला आहे, किंवा एखादं मूल सारखं गंभीर संसर्गाने आजारी पडतं, किंवा कुणाचे काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, कारण नसताना वर्षानुवर्षं कमी आहेत, त्यांनी डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते सांगावं. विशेषतः भावंड दाता होणार असेल तेव्हा. जो दोष एका भावंडात आहे तो दुसऱ्यातही गुपचूप असू शकतो, आणि मग आपण आजारी मॅरो काढून पुन्हा तीच पेरून बसू. ताईला आत्या-काकांची ती जुनी यादी इथे कामाला आली. मुंबईच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळी ऐकून घेतली, कागदावर वंशावळ काढली आणि सांगितलं, यातलं काहीही याच्याशी जोडलेलं दिसत नाही. ती यादी रात्री गाडीत मोजताना फास होती. टेबलावर मांडली तेव्हा नुसती माहिती झाली.

आपल्याकडे ही यादी मांडतच नाहीत. "पोरीचं लग्न व्हायचंय, बोलू नका कुठे," असं थोरलीबद्दल आत्ताच सांगणारे निघाले. ती तेव्हा बारा वर्षांची होती. पत्रिकेतले छत्तीस गुण मिळवून पाहणारी माणसं, घराण्यातला आजार मात्र दाराआड ठेवतात, आणि समोरचेही तो कळल्यावर पाय मागे घेतात. दोन्हीकडे भीती एकच. भावाला लहानपणी ल्युकेमिया झाला म्हणून बहिणीच्या मुलांना होईल असं समजणं चूक आहे. हे मी दहा जणांना सांगितलं असेल, अकराव्यालाही सांगेन.

आपल्या या जातीत-पोटजातीत लग्न करण्याच्या रीतीचा आणखी एक परिणाम आहे. तो दाता शोधायला निघालेल्या माणसालाच कळतो. मुंबईत ल. दे. संघवी आणि व. रा. खानोलकर यांनी १९४९ साली सहा अंतर्विवाही गटांची रक्तगट वगैरे सात लक्षणं तपासून प्रसिद्ध केली होती. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना केली. शेजारी शेजारी राहणारी माणसंही शतकानुशतकं वेगवेगळ्या विहिरींचं पाणी पीत आली, तशी जनुकांची वाटणी वेगळी होत गेली. एचएलएचे गठ्ठेही त्याच वाटणीतले. जगभरच्या मॅरोदात्यांच्या नोंदवह्यांत आज ४ कोटींहून जास्त नावं आहेत, पण त्यांत युरोपीय वंशाच्या माणसांचा भरणा आहे. आमच्याकडे चारातली ती एक शक्यता न येता उरलेल्या तीनांतली एखादी आली असती, तर मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या कुणा अनोळखी माणसाची लाल-निळी रेघ आम्हाला शोधावी लागली असती, आणि ती सापडायला त्याने आधी नाव नोंदवलेलं असायला हवं होतं. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, एवढीच नोंदणी असते. मी दरवर्षी बारावीच्या निरोपाच्या दिवशी मुलांना हे सांगते. तुम्ही अठरा पूर्ण केलीत की हे एक करा.

ताईला मी आणखी एक गोष्ट सांगितली होती. एचएलए मुळात सापडलं ते पुष्कळदा आयांच्या रक्तात. १९५८ च्या सुमारास पॅरिसमध्ये जाँ दोसे बऱ्याच वेळा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवावर काम करत होते. त्याच काळात लायडनमध्ये यान व्हान रूड आणि स्टॅनफर्डमध्ये रोझ पेन यांना अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं दिसली. आईच्या शरीराने बाळातला वडिलांकडचा अर्धा भाग ओळखला होता, त्याची नोंद ठेवली होती, आणि तरी नऊ महिने त्याला सांभाळलं होतं. दोसे यांना १९८० मध्ये नोबेल मिळालं. आणि बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात बाळंतपणानंतर सत्तावीस वर्षांनीही सापडल्या आहेत. ताई हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोघंही अजून आहेत माझ्यात."

भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. नऊ वर्षांची मुलगी, आणि मॅरो तिच्या भावाची. आमच्याकडे उलट होतं. थोरलीला भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढली. आदल्या रात्री तिने मला विचारलं होतं, "मावशी, माझ्यातलं कमी नाही ना पडणार त्याला?" दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे ती पिशवी टांगलेली दिसली. रक्ताहून जरा दाट, कोकमाच्या आगळासारखा रंग. थेंब थेंब करत काही तासांत संपली. मग वाट पाहणं. तिथे सगळे एकमेकांना एकच विचारतात, "काउंट आला का?" फळ्यावर शून्य, शून्य, शून्य. ताई खोलीत, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, कुकरमध्ये शिजवलेला मऊ भात भरवत बसलेली. पंधराव्या दिवशी कुणीतरी फळ्यावर शंभर लिहिलं. भाऊजींनी त्या आकड्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अर्ध्यांना तो कशाचा ते कळलं नाही.

या उपचाराची खरी ताकद कुठे आहे ते एकसारख्या जुळ्यांनी शिकवलं. जुळ्या भावाची मॅरो जनुकानुजनुक तीच, म्हणजे सगळ्यात उत्तम असं वाटावं. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की अशा मॅरोनंतर ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. साध्या भावंडाच्या पेशी जराशा परक्या असतात, म्हणून उरलेसुरले ल्युकेमियाचे दाणे त्यांना दिसतात आणि त्या ते टिपून काढतात. आणि २००९ साली मिलानच्या संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. अर्धं एचएलए जुळणाऱ्या नातेवाइकाची मॅरो दिलेल्या काही रुग्णांत आजार उलटला, तेव्हा ल्युकेमियाच्या पेशींनी न जुळणारा एचएलएचा तो गठ्ठाच टाकून दिलेला होता. पहारेकऱ्याला दिसू नये म्हणून. ज्या रेघेवर ताई आरोपाचं बोट ठेवते आहे, तशीच रेघ ल्युकेमियाला तिथे लपण्यासाठी नष्ट करावी लागली होती, हे मला तेव्हा उमगलं आणि मी तिला रात्री अकरा वाजता फोन केला होता.

या गोष्टीला सात वर्षं झाली. धाकटा दहावीला आहे. उंची बापावर गेली, आवाज फुटला. गेल्या जूनमध्ये शाळेचा ओळखपत्राचा फॉर्म आला. मी तिथेच होते. ताई चष्मा लावून भरत होती: नाव, पत्ता, फोन, रक्तगट. तिथे तिने सवयीने 'बी पॉझिटिव्ह' लिहिलं आणि थांबली. त्याचा तो बी तिच्याकडून आलेला. भाऊजी ओ आहेत, थोरलीही ओ. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचएलए सहाव्यावर, त्यामुळे एचएलए जुळलं आणि रक्तगट नाही जुळला. आता त्याच्या अंगात तयार होणारं रक्त सगळं बहिणीच्या मॅरोतलं. बी कधीच गेला.

ताईने 'बी' वर एक आडवी रेघ मारली. पेन तसंच हातात. "मग आता काय लिहू? हे माझ्याकडचं तर राहिलं नाही." मी म्हटलं, रक्तगट नाही राहिला, पण लाल रेघ आहे. थोरलीतही तीच होती, तीच त्याच्यात परत गेली.

आतल्या खोलीतून थोरलीने ओरडून सांगितलं, "आई, माझा लिही."

ताईने 'ओ' लिहिलं. नीट गोल, दोनदा गिरवून.